गाळ शेताला, वनस्पती तलावाला

माणूस स्वतःच्या पोटासाठी शेत पेरतो, हे आपण नेहमीच पाहतो. पण रानातल्या पशुपक्ष्यांच्या पोटासाठी कोणी शेत पेरते काय?

अमेरिकेत असे करणारे पुष्कळ शेतकरी आहेत. आपल्या जमिनीतला एखादा दगडाळ, पडीक तुकडा ते निवडतात. त्यातले दगड वेचून काढतात, माती सुधारतात आणि तेथे हरणांसाठी व टर्की पक्ष्यांसाठी क्लोव्हरसारखा चारा पेरतात. अशा तुकड्याला तिकडे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. आपण त्याला ‘खाद्यशेत’ म्हणू. बहुतेक ठिकाणी यामागे शिकारीचा हेतू असतो. प्राणी चरायला एका जागी यावेत, एवढ्यासाठी ही मेहनत.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिवाय जंगलाच्या कडेला हरणांसाठी शेत पेरणे धोक्याचेही आहे. गोंदिया जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. येथे २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. जंगलालगतच्या गावांत चितळ आणि रानडुकरे धानाच्या बांध्यांत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या व वाघही येऊ शकतात. अशा ठिकाणी गावाजवळ चारा पेरून हरणांना बोलावले, तर पीकही जाईल आणि माणसांच्या जिवालाही धोका होईल.

तरीही याच गोंदिया जिल्ह्यात खाद्यशेते पेरली गेली आहेत. ती जमिनीवर नाहीत, तलावांत आहेत. आणि गंमत अशी, की दगडाळ शेत सुधारण्याचा एक जुना उपायही त्याच तलावांच्या तळाशी दडलेला आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, तो पाहू.

बरडीची अडचण

गोंदिया आणि भंडारा भागातले शेतकरी आपल्या जमिनी नावाने ओळखतात. भारी, काळी ती कन्हार. तिच्याहून हलकी ती मोरंड. पिवळसर, धानाला मानवणारी ती सिहार. याहूनही हलक्या त्या खरडी आणि बरडी. बरडी म्हणजे चढावरची, तांबूस, खड्यागोट्यांनी भरलेली जमीन. अनेक कुटुंबांच्या वाट्याला सखल भागातली एखादी सिहारची बांधी आणि चढावरचा बरडीचा तुकडा, असे दोन्ही आलेले असते.

या जिल्ह्यात पाऊस काही कमी नाही. वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर, म्हणजे सव्वा मीटरहून जास्त पाणी पडते. मग बरडीवर पीक का वाळते? कारण पाणी तेथे थांबत नाही. आठ दिवस पावसाने ओढ दिली, की पीक माना टाकते.

याचे कारण कणांच्या आकारात आहे. मातीला पाणी धरून ठेवता येते ते मुख्यतः कणांच्या पृष्ठभागावर आणि त्यांच्यामधल्या बारीक पोकळ्यांत. एक सेंटिमीटर बाजूचा दगडी घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचे एकूण क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता हाच दगड कुटून एक हजारांश मिलिमीटर बाजूचे घन केले, अशी कल्पना करा. दगड तेवढाच, वजन तेवढेच. पण सर्व घनांच्या पृष्ठभागांची बेरीज ६०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ६ चौरस मीटर होते. दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब खोलीच्या जमिनीएवढी! एका खड्याचे एवढे क्षेत्रफळ वाढते. बरडीत खडे पुष्कळ आणि बारीक कण थोडे; म्हणून पाणी आणि पिकाची खनिज द्रव्ये धरायला जागाच थोडी.

मग या जमिनीतले बारीक कण गेले कोठे? दरवर्षीच्या पावसात ते उतारावरून वाहत गेले आणि खालच्या तलावात जाऊन बसले.

तलावात गाळाची वाटणी

पूर्व विदर्भ हा तलावांचा प्रदेश आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांना मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यांना उत्तेजन मिळाले आणि कोहळी समाजाने या कामात मोठे कौशल्य मिळवले. सात टेकड्यांच्या मधला नवेगावबांध हा प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. मोठ्या तलावांच्या जोडीला शेताच्या वरच्या अंगाला लहान लहान बोड्याही आहेत.

तलाव म्हणजे उताराला आडवी घातलेली मातीची पाळ. पावसाचे गढूळ पाणी तलावात शिरले, की त्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसू लागतो. पण सगळे कण एकाच वेळी बसत नाहीत. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये याचा नियम मांडला. बारीक कणाचा पाण्यात खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण १० सेंटिमीटर खाली बसायला साधारण ११ सेकंद घेतो. त्याच्या एकपन्नासांश, म्हणजे ०.००२ मिलिमीटर व्यासाचा चिकणमातीचा कण त्याच्या अडीच हजार पट वेळ घेतो. हा वेळ सात ते आठ तासांचा होतो!

म्हणून नाला जेथे तलावाला मिळतो, तेथे वाळू आणि जाड गाळ साचतो. पाळीकडच्या खोल भागात मऊ, चिकण गाळ जातो. त्यात कुजलेला पाला आणि इतर सेंद्रिय पदार्थही असतात. शेताला हवा असतो तो हा दुसरा गाळ.

उन्हाळ्यात तलाव आटला, की गाळ काढून तो शेतात नेऊन टाकण्याची जुनी प्रथा होती. त्यामुळे शेत सुधारे आणि तलावाची खोलीही टिकून राही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी पद्धत संपली आणि तलाव सरकारच्या ताब्यात आले. जमीनदारी जाणे योग्यच होते. पण तलावाची देखभाल गावाने मिळून करायची, ही सवयही हळूहळू मोडत गेली. तलाव गाळाने भरत राहिले. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, तेव्हा गाळ शेतात नेण्याच्या प्रथेला पुन्हा चालना मिळाली.

गाळाचे गणित

एक एकर बरडीवर १० सेंटिमीटर जाडीचा गाळ पसरायचा ठरवले, तर किती गाळ लागेल? एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याला ०.१ मीटरने गुणले, की सुमारे ४०५ घनमीटर गाळ होतो. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ३ घनमीटर गाळ मावतो असे धरले, तर १३५ खेपा झाल्या! डिझेलचा आणि मजुरीचा खर्च पाहता हे काम एका उन्हाळ्यात होणारे नाही. म्हणून दरवर्षी थोडा थोडा गाळ टाकून तो नांगराने मातीत मिसळणे परवडते.

याचा लाभ किती? दहा सेंटिमीटर चांगल्या गाळात पिकाला घेता येईल असे पाणी साधारण १५ ते २० मिलिमीटर मावते. पीक दिवसाला ५ मिलिमीटर पाणी वापरते असे धरले, तर ही तीन ते चार दिवसांची शिदोरी झाली. हा आकडा लहान वाटेल. पण पाऊस आणखी चार दिवस लांबला, तर तेवढ्यावरच पीक तगते. शिवाय गाळ खड्यांमधल्या पोकळ्या बुजवतो, त्यामुळे पाणी जमिनीत झिरपून जाण्याचा वेग कमी होतो.

मात्र गाळ टाकण्यापूर्वी एक काम केलेच पाहिजे. शेतातले मोठे दगड वेचून उताराला आडवा धुरा घालायचा. त्याला मातीची जोड द्यायची. धुऱ्याविना टाकलेला गाळ पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा तलावाची वाट धरतो. गोंदियाचे शेतकरी धुऱ्यावर तूर लावतात. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधतात. धुऱ्यावर आधीपासून मोह, बोर किंवा पळस उभा असेल, तर तो राखावा. पाखरांची सोय त्यातच होते.

बेशरमचे आक्रमण

आता तलावाकडे वळू. गाळ साचून उथळ झालेल्या अनेक तलावांत एक गुलाबी फुलांची झुडूप-वेल माजली. तिचे शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. लोक तिला बेशरम म्हणतात. कारण ती उपटून फेकली, तरी पडल्या जागी पुन्हा मूळ धरते. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. तिची पाने विषारी असल्यामुळे गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. तिच्या दाट जाळीखाली दुसरी झाडे उगवत नाहीत आणि काठच्या उथळ पाण्यातली मोकळी जागा नाहीशी होते.

त्यातच मत्स्यशेतीसाठी बाहेरचे मासे तलावांत आले. चीनमधला गवत्या मासा १९५९ मध्ये भारतात आणला गेला. त्याचे खाणेच मुळी पाणवनस्पती. सायप्रिनस हा मासा तळाचा चिखल उकरून अन्न शोधतो. त्यामुळे पाणी गढूळ होते, मुळे उखडतात. अशा रीतीने तलावातले मूळचे पाणगवत नाहीसे होऊ लागले.

याची झळ सर्वांत आधी लागली ती ढिवर समाजाला. पिढ्यान् पिढ्या या तलावांवर मासेमारी करून आणि शिंगाडे लावून हा समाज जगत आला आहे. मरळ, मागूर यांसारखे गावठी मासे कमी झाले आणि पाखरेही दिसेनाशी झाली.

पाण्यातली पेरणी

‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेचे मनीष राजनकर यांनी हा प्रश्न अभ्यासायला घेतला. त्यांच्या जोडीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातले पतिराम तुमसरे हे ढिवर समाजाचे जाणकार होते. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, ती तलावात किती खोलीवर वाढते, कोणता पक्षी काय खातो, हे ज्ञान मासेमारांजवळ होतेच. त्याची पद्धतशीर नोंद झाली आणि मग या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तलाव सुधारण्याचे प्रयोग सुरू झाले. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळे ढिवर समाजातल्या स्त्रियाही या कामात पुढे आल्या.

कामाची रीत शेतीसारखीच आहे. उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला, की बेशरम मुळांसकट उपटून काढायची. मग तळ चक्क नांगरायचा. नांगरटीने कडक झालेला चिखल मोकळा होतो आणि नव्या रोपांच्या मुळांना आत शिरता येते. पावसाळ्यात पाणी भरू लागले, की जवळच्या चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून त्या लावायच्या. जणू धानाची रोवणीच! आणि गवत्या मासा त्या तलावात सोडायचा नाही.

लावायच्या वनस्पती तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार पाण्यात पूर्ण बुडून वाढणाऱ्या वनस्पतींचा. हायड्रिला, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया आणि मुळे नसलेली सेरॅटोफायलम या त्यातल्या. दुसरा प्रकार तळाशी मूळ आणि पाण्यावर तरंगते पान असलेल्या वनस्पतींचा. पांढऱ्या फुलांची कुमुदिनी ही त्यातली. तिसरा प्रकार काठच्या उथळ पाण्यात अर्ध्या बुडालेल्या वनस्पतींचा. एलिओकॅरिस नावाचे लव्हाळ्यासारखे पाणगवत या प्रकारातले असून त्याला जमिनीत लहान कंद येतात.

अशा रीतीने खोलीप्रमाणे तीन पट्टे तयार होतात आणि प्रत्येक पट्ट्याचे गिऱ्हाईक वेगळे असते. बुडालेल्या वनस्पतींच्या पानांवर सूक्ष्म शेवाळ आणि बारीक कीटक वाढतात, त्यावर माशांची पिल्ले पोसतात. पुष्कळ मासे अंडी घालायला याच वनस्पतींचा आसरा घेतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी लालसरी बदके बुडी मारून ही पाने आणि कोंब खातात. तरंगत्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी कीटक टिपत चालतो. काठच्या पाणगवतात जांभळी पाणकोंबडी कोवळी खोडे सोलून खाते.

आणि एलिओकॅरिसचे कंद हे सारसाचे आवडते खाद्य. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सारस हा जगातला सर्वांत उंच पक्षी. मान ताठ केली, की तो पुरुषभर उंच, १.८ मीटरपर्यंत भरतो. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि आसपासच्या भागात उरला आहे, तोही थोड्या संख्येने. तो घरटे घालतो धानाच्या बांधीत किंवा पाणथळ जागी आणि चरायला तलावावर येतो. बांधी आणि तलाव या दोन्हींपैकी एक जरी बिघडले, तरी त्याचा संसार मोडतो. शेतात विषारी औषधे जपून वापरणे आणि बांधीतल्या घरट्याला धक्का न लावणे, हे म्हणूनच तलाव सुधारण्याइतके महत्त्वाचे आहे.

पाणवनस्पती लावल्या, की काम संपत नाही. त्या बेसुमार माजल्या, तर रात्रीच्या वेळी त्यांच्या श्वसनाने पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासे गुदमरतात. जाळेही टाकता येत नाही. म्हणून अधूनमधून त्या विरळ कराव्या लागतात. शेतात निंदण असते, तसे तलावातही असते.

गाळ किती काढावा?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. बरडीला गाळ हवा आहे. पण पाणवनस्पतींची मुळे, कंद आणि बियाणे असते तेही त्याच गाळाच्या वरच्या थरात. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे खत, ते पाखरांच्या आणि माशांच्या दृष्टीने शेत! यंत्र लावून तलावाचा सगळा तळ सरसकट खरवडला, तर तीन तोटे होतात.

पहिला म्हणजे बियाण्याचा साठा तलावाबाहेर जातो. दुसरा म्हणजे काठचा उथळ उतार नाहीसा होऊन तलाव सर्वत्र सारखा खोल होतो. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश फार खाली जात नाही, त्यामुळे अशा खोल तळाशी वनस्पती उगवू शकत नाहीत. सारसासारख्या उभ्याने चरणाऱ्या पक्ष्याला पाय ठेवायलाही जागा राहत नाही. तिसरा तोटा शेतकऱ्याचाच आहे. तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकणमातीचा थर पाणी धरून ठेवतो. तोच फोडला, तर तलाव गळू लागतो आणि शेवटच्या पाण्याच्या वेळी धान कोरडे राहते.

तेव्हा वाटणी करावी हे उत्तम. पाळीजवळच्या खोल भागातला चिकण गाळ शेताला द्यावा. तोही एका वर्षी सगळा न काढता पट्ट्यापट्ट्याने काढावा, म्हणजे राखलेल्या पट्ट्यांतून वनस्पती मोकळ्या जागेत पसरतील. काठचा उथळ भाग खणू नये. तेथे फक्त बेशरम काढून नांगरट आणि लावणी करावी. खालचा घट्ट थर लागला, की खोदाई थांबवावी. असे केले तर एकाच तलावातून बरडीलाही माती मिळते आणि पाखरांचे खाद्यशेतही शाबूत राहते. त्यासाठी शेतकरी आणि मासेमार यांनी उन्हाळ्याआधी एकत्र बसून ठरवले पाहिजे. दोघांच्या बैठका वेगळ्या झाल्या, की तलावाचे नुकसान ठरलेलेच.

तुम्ही काय करू शकाल?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात तलाव, बोडी किंवा बंधारा असेल, तर शिक्षकांच्या मदतीने पुढील गोष्टी करून पाहा.

काचेच्या उंच बरणीत एकतृतीयांश भरेल एवढा वाळलेला, बारीक केलेला गाळ घ्या. पाणी घालून बरणी खूप हलवा आणि स्थिर ठेवा. एका मिनिटात जे खाली बसेल ती वाळू. दोन-तीन तासांत त्यावर जो थर येईल ती बारीक पोयटा माती. दुसऱ्या दिवसापर्यंत जो थर चढेल ती चिकणमाती. पट्टीने थर मोजा. वाळूचा थर निम्म्याहून जास्त असेल, तर तो गाळ शेतात नेण्याचा खर्च करू नये, असा सल्ला तुम्ही घरी देऊ शकाल. नाल्याच्या तोंडाजवळचा आणि पाळीजवळचा असे दोन नमुने घेतलेत, तर स्टोक्सचा नियम डोळ्यांनी पाहायला मिळेल.

दुसरे काम नोंदींचे. तलावाचा साधा नकाशा काढा. त्यावर बेशरमची जाळी, तरंगत्या पानांचा भाग, उघडे पाणी आणि काठचे पाणगवत दाखवा. दिवाळीच्या सुट्टीत आणि पुन्हा उन्हाळ्याच्या सुरुवातीला असे नकाशे काढून त्यांची तुलना करा. कोणता पक्षी कोणत्या पट्ट्यात चरतो, तेही लिहा. पक्ष्यांच्या फार जवळ जाऊ नका आणि मोठ्या माणसांना बरोबर घेतल्यावाचून पाण्यात उतरू नका. गावातल्या मासेमारांना वनस्पतींची स्थानिक नावे विचारा आणि ती शास्त्रीय नावांशेजारी नोंदवा.

दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी शाळेत जमल्या, की त्या ग्रामसभेपुढे ठेवा. गाळ कोठून काढावा आणि कोठून काढू नये, हे ठरवताना गावाला त्या नकाशांचा नक्की उपयोग होईल.